परक्या यंत्रासाठी लिहिताना : वऱ्हाडचे रूळ, पुण्याचा परम आणि हरवणारी टिपणे

दर्यापूरला लागून असलेल्या बनोशाच्या स्थानकातून कापूस घेऊन निघालेला डबा मुंबईला कधीच पोहोचत नसे. तो मूर्तिजापूरपर्यंत जाई आणि तिथेच थांबे. वऱ्हाडातला कापूस बंदराकडे नेण्यासाठी विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या व्यवस्थेखाली यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर हा लोहमार्ग उभा राहिला. पुढे त्यावरची गाडी ‘शकुंतला’ म्हणून ओळखली गेली. तिचे रूळ अडीच फूट अंतराचे. मूर्तिजापूरवरून जाणाऱ्या मुंबई–नागपूर मार्गाचे साडेपाच फुटांचे. कापूस तोच, त्याचे वजन तेच, मालक तोच. पण एका मार्गाचा डबा दुसऱ्या मार्गावर चढू शकत नाही. म्हणून मूर्तिजापूरला माल उतरवायचा आणि दुसऱ्या डब्यात नव्याने रचायचा.

हा धागा अशाच एका अदलाबदलीविषयी आहे. फरक इतकाच, की इथे माल म्हणजे संगणकाची आज्ञावली आणि रूळ म्हणजे प्रोसेसर. एका यंत्रावर बसून दुसऱ्याच जातीच्या यंत्रासाठी आज्ञावली तयार करणे, याला संगणकाच्या व्यवहारात ‘क्रॉस-कंपाइल’ करणे म्हणतात. हे काम कसे करावे याचे टिपण लिहून ठेवणे ही वरकरणी अगदी रुक्ष गोष्ट. परंतु भारताने स्वतःचा महासंगणक उभारला त्या कथेत ही रुक्ष गोष्ट पदोपदी आडवी येते, आणि ती कथा दर्यापूरच्या शेजारच्याच तालुक्यात जन्मलेल्या एका माणसाशी जोडलेली आहे.

मूर्तिजापूर तालुक्यातले मुरंबा हे ते गाव. ११ ऑक्टोबर १९४६ रोजी विजय पांडुरंग भटकर यांचा जन्म तिथे झाला. नागपूरच्या विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी, बडोद्याहून पदव्युत्तर शिक्षण, १९७२ मध्ये दिल्लीच्या आयआयटीतून डॉक्टरेट, असा त्यांचा प्रवास झाला. १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली, तेव्हा तिची सूत्रे त्यांच्याकडे आली. त्या प्रसंगाकडे वळण्यापूर्वी एक मूलभूत अडचण नीट समजून घेतली पाहिजे. तिच्याशिवाय पुढचे सगळे नुसते नावांचे आणि सनावळीचे ओझे होईल.

प्रोसेसरला मराठी कळत नाही, इंग्रजी कळत नाही आणि सी किंवा फोरट्रान या भाषाही कळत नाहीत. त्याला कळतात त्या केवळ संख्या. सोळा-आधारी पद्धतीत लिहिलेला ‘४५’ हा एकच बाइट घ्या. इन्मॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर या प्रोसेसरला तो दिला, तर तो अर्थ घेतो : ‘५ हा अंक हाताशी घे.’ तोच बाइट त्या काळच्या घरगुती संगणकांतील इंटेलच्या ८०८६ या प्रोसेसरला दिला, तर तो आपल्या ‘बीपी’ नावाच्या खान्यातील संख्येत १ मिळवतो. दोघेही आज्ञाधारक, दोघेही आपल्या परीने बिनचूक. कंपायलर नावाची आज्ञावली माणसाने लिहिलेल्या मजकुराचे रूपांतर अशा संख्यांमध्ये करते. सामान्यतः कंपायलर ज्या यंत्रावर चालतो त्याच यंत्राच्या बोलीत तो लिहितो. क्रॉस-कंपायलर मात्र इंटेलच्या घरी बसून ट्रान्सप्युटरच्या बोलीत लिहितो. लिहिलेले बरोबर आहे की नाही, हे त्याला स्वतःला वाचून पाहता येत नाही. पुढची सारी गुंतागुंत या एका गोष्टीतून निघते.

ही युक्ती महासंगणकांच्या पुष्कळ आधीची आहे. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये केन टॉम्प्सन यांच्या हाती पीडीपी-७ हे लहानसे, फारसे कोणी न वापरणारे यंत्र लागले. त्या यंत्रावर आज्ञावली घडवण्याची धड सोय नव्हती. तेव्हा टॉम्प्सन मोठ्या जीई संगणकावर काम करत, तिथे पीडीपी-७ च्या बोलीतल्या संख्या तयार होत, त्या कागदी फितीवर छिद्रांच्या रूपाने उमटत आणि ती फीत हातात धरून दुसऱ्या यंत्रापर्यंत नेली जाई. आज अब्जावधी फोनांच्या पोटात ज्याचे वंशज किंवा अनुयायी चालतात, ते युनिक्स असे परक्या घरात जन्मले. स्वतःचा असेंब्लर लाभल्यावरच ते आपल्या यंत्रावर स्वावलंबी झाले.

१९७५ मधला प्रसंग याहून बोलका आहे. बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी अल्टेअर ८८०० या नव्या संगणकासाठी बेसिक ही भाषा तयार केली, तेव्हा तो संगणक त्यांनी पाहिलाही नव्हता. ॲलन यांनी इंटेलच्या माहितीपुस्तिकेवरून ८०८० या प्रोसेसरची हुबेहूब नक्कल करणारी आज्ञावली हार्वर्डच्या पीडीपी-१० संगणकावर लिहिली आणि तिच्या आधाराने सारे काम झाले. फीत घेऊन ॲलन अल्बुकर्कीला गेले. ती फीत यंत्रात चढवणारी छोटी आज्ञावली लिहायची राहिली होती, ती त्यांनी विमानात लिहिली. आणि खऱ्या यंत्रावर ते सगळे चालले. या कथेत सहसा दोन तरुणांच्या बुद्धिमत्तेचे कौतुक होते. इंटेलमध्ये बसून ती पुस्तिका इतकी नेमकी लिहिणाऱ्या अनाम माणसांची आठवण कोणी काढत नाही. पुस्तिकेत एखाद्या आज्ञेचा अर्थ चुकीचा छापला असता, तर नक्कलही चुकली असती आणि चूक अल्बुकर्कीला पोहोचेपर्यंत कोणाच्या ध्यानात आली नसती.

आता पुन्हा आपल्याकडे. दर्यापूर हा पूर्णेच्या खोऱ्यातला, खारपाणपट्ट्यातला तालुका. जमिनीखालचे पाणी खारट. विहीर खणली तरी ते पिकाला मानवेलच असे नाही. अशा मुलखात मृगाचा पाऊस वेळेवर येणार की ओढ देणार, यावर साऱ्या वर्षाचा हिशेब ठरतो. पावसाचा अंदाज गणिताने बांधायचा, तर वातावरणाचे असंख्य तुकडे कल्पून प्रत्येकाचा ताप, दाब आणि वारा पुन्हा पुन्हा मोजावा लागतो, आणि ते काम प्रत्यक्ष हवामान बदलण्याच्या आत पुरे व्हावे लागते. त्यासाठी महासंगणक हवा. १९८० च्या दशकात भारताने अमेरिकेकडे क्रे कंपनीचा महासंगणक मागितला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी हवे असलेले यंत्र नाकारले गेले. यंत्राचा उपयोग अण्वस्त्रांच्या कामी होईल ही भीती त्यामागे होती. दिल्लीच्या हवामान केंद्रासाठी क्रे एक्स-एमपी/१४ हे त्याहून कमी ताकदीचे यंत्र मिळाले, तेही ते कशासाठी वापरायचे याच्या कडक अटींसह.

सी-डॅकचा जन्म या नकारातून झाला. मुदत ३ वर्षांची, तरतूद सुमारे ३० कोटी रुपयांची. या काळाविषयी लिहिताना ‘आम्हाला नाकारले, आम्ही करून दाखवले’ असा सूर लागतो. त्यात खोटे काही नाही. पण त्या सुराच्या भरात काम नेमके कुठे अवघड होते, हे झाकले जाते. क्रेसारखा एकच प्रचंड वेगवान प्रोसेसर बनवणे आवाक्यात नव्हते. तेव्हा बाजारात मिळणारे अनेक साधे प्रोसेसर एकत्र जोडून त्यांच्याकडून काम वाटून करून घ्यायचे ठरले. निवड झाली ती ब्रिटनच्या ब्रिस्टल शहरातील इन्मॉस कंपनीच्या टी-८०० ट्रान्सप्युटरची. या चिपला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे होते, तिच्या पोटात ४ किलोबाइट स्मृती होती आणि अपूर्णांकांचे गणित करणारा विभागही तिच्यातच होता. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ सिद्ध झाला. संस्कृतातला ‘परम’ आणि समांतर यंत्र या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे, असे ते दुहेरी नाव.

ट्रान्सप्युटरांच्या त्या जाळ्यावर थेट बसून कोणी आज्ञावली लिहीत नसे. जाळ्याच्या पुढे एक यजमान संगणक असे. त्याचा प्रोसेसर निराळा, त्याची बोली निराळी. फोरट्रान किंवा सी मधला मजकूर यजमानावर लिहायचा, तिथल्याच क्रॉस-कंपायलरने त्याचे ट्रान्सप्युटरच्या बोलीत रूपांतर करायचे आणि मग ते दुव्यावरून आत ढकलायचे. ते आत कसे जाई, हे पाहण्यासारखे आहे. नुकताच जागा झालेला ट्रान्सप्युटर दुव्यावर पहिल्या बाइटाची वाट पाहतो. तो बाइट २ किंवा त्याहून मोठा असेल, तर ‘यापुढे इतके बाइट येत आहेत, ते आज्ञा म्हणून घे आणि चालव’ असा त्याचा अर्थ. पहिला ट्रान्सप्युटर अशा रीतीने जागा होतो, मग तो आपल्या शेजाऱ्यांना जागे करतो, ते त्यांच्या शेजाऱ्यांना. पंढरीच्या वाटेवर एका दिंडीचा अभंग पुढच्या दिंडीने उचलावा, तसे हे चौसष्ट प्रोसेसर एकामागून एक कामाला लागतात.

मात्र कोणाचा कोणता दुवा कोणाशी जोडला आहे, हे त्यांना सांगावे लागते. कोणती प्रक्रिया कोणत्या चिपवर बसवायची, हेही सांगावे लागते. त्यासाठी वेगळे वर्णन लिहिण्याची पद्धत होती : आज्ञावली एकीकडे, आणि यंत्राच्या रचनेचा लेखी नकाशा दुसरीकडे. नकाशात एक दुवा चुकला, तर एक चिप निरोपाची वाट पाहत बसे आणि तिच्यामागे सगळे जाळे स्तब्ध होई. चुकीची सूचना देणारेही मग कोणी उरत नसे.

अंकांचाही प्रश्न होता. त्या काळची हवामानाची नावाजलेली प्रतिमाने फोरट्रानमध्ये होती आणि त्यांतली अनेक क्रेच्या यंत्रांवर वाढलेली. क्रे अपूर्णांक ६४ बिटांत आणि स्वतःच्या खास पद्धतीने साठवत असे. टी-८०० आयईईई या सर्वमान्य पद्धतीने साठवी. मजकूर एकच, सूत्र एकच; पण दोन यंत्रांवर उत्तराचे शेवटचे अंक निराळे येणार. हवामानाच्या गणितात असा बारीकसा फरक पुढच्या फेऱ्यांत वाढत जातो. मग आलेला फरक यंत्राच्या स्वभावाचा आहे की रूपांतर करताना झालेल्या चुकीचा, हे कसे ओळखायचे? त्याला एकच उपाय आहे : आधीच्या यंत्रावर कोणत्या आकड्यांना कोणती उत्तरे आली होती आणि किती फरक चालवून घ्यायचा, हे कोणीतरी लिहून ठेवलेले असणे.

परमची पुढची वाटचाल पाहिली म्हणजे अशा नोंदींची निकड ध्यानात येते. १९९० च्या दशकाच्या आरंभी ‘परम ८६००’ आला. त्यात जड गणितासाठी इंटेलचा आय-८६० हा प्रोसेसर आणि आपसातल्या निरोपांसाठी ट्रान्सप्युटर; म्हणजे एकाच यंत्रात दोन बोली. आय-८६० कागदावर फार वेगवान होता, पण तो वेग प्रत्यक्षात उतरवणारा कंपायलर लिहिणे जगभरच्या जाणकारांना जड गेले. १९९४ मध्ये ‘परम ९०००’ आला, त्याची रचनाच अशी की त्यात वेगवेगळे प्रोसेसर बसावेत : एका रूपात सुपरस्पार्क, एका रूपात अल्ट्रास्पार्क, एका रूपात डेक कंपनीचा अल्फा. १९९८ मध्ये ‘परम १००००’ अल्ट्रास्पार्कवर आला. त्यानंतरचा ‘परम पद्म’ आयबीएमच्या पॉवर-४ वर. जून २००३ मध्ये जगातील पाचशे वेगवान महासंगणकांच्या यादीत तो १७१ वा होता. पुढे २००८ मध्ये ‘परम युवा’ इंटेलच्या झिऑनवर.

दोन दशकांत पाच-सहा बोली. नाव एकच राहिले, ‘परम’; आतला देह दर खेपेला बदलला. इन्मॉसने १९९१ मध्ये ज्या टी-९००० चा गाजावाजा केला, तो इतका रखडला की ट्रान्सप्युटरची शाखाच वाळून गेली. त्यामुळे ८००० वरून ९००० वर जाणाऱ्या आज्ञावलीला आणखी एक अडथळा ओलांडावा लागला. बत्तीस बिटांची संख्या स्मृतीच्या चार बाइटांत ठेवताना ट्रान्सप्युटर लहान टोक आधी ठेवी, स्पार्क मोठे टोक आधी ठेवी. युनिक्स पहिल्यांदा पीडीपी-११ वरून दुसऱ्या जातीच्या यंत्रावर नेताना याच कारणाने फजिती झाल्याची गोष्ट संगणकाच्या जगात अजून सांगितली जाते : पडद्यावर यू-एन-आय-एक्स या अक्षरांऐवजी एन-यू-एक्स-आय उमटले. अक्षरांची अदलाबदल डोळ्यांना दिसते तरी. पावसाच्या आकड्यांच्या फायलीत तसेच झाले, तर सगळे अंक अंकच दिसतात. केवळ ते चुकीचे असतात.

इतिहासाच्या वाचकांना मोडीचे उदाहरण जवळचे वाटेल. पेशवे दफ्तरात लाखो कागद आहेत. कागद सुस्थितीत आहेत, शाई टिकली आहे, भाषा मराठीच आहे. तरी मोडी न शिकलेल्या मराठी माणसाला ते मुके आहेत. मोडी वाचणारे आजही घडतात, कारण तिची वळणे, तिचे संक्षेप, रकमा लिहिण्याची तिची रीत सांगणारी पुस्तके कोणीतरी लिहिली. ट्रान्सप्युटरच्या बाबतीतही असेच काहीसे घडले. ऑकम ही आपली उच्चस्तरीय भाषा हीच या चिपची सर्वांत खालची पायरी मानावी, असा इन्मॉसचा आरंभी आग्रह होता. चिपच्या मूळ आज्ञांशी इतरांना कर्तव्य असू नये, ही भूमिका. ती टिकली नाही. १९८८ मध्ये कंपायलर लिहिणाऱ्यांसाठी म्हणून आज्ञासंचाची सविस्तर मार्गदर्शिका पुस्तकरूपाने निघाली. इन्मॉस आज नाही, ट्रान्सप्युटर वस्तुसंग्रहालयांत आणि हौशी लोकांच्या कपाटांत आहेत. तरी त्या माहितीवरून ट्रान्सप्युटरची नक्कल करणाऱ्या आज्ञावल्या हौशी लोकांनी लिहिल्या आहेत आणि जुने ऑकम कार्यक्रम आजच्या संगणकावर चालू शकतात. मघाच्या ‘४५’ चा अर्थ या धाग्यात सांगता येतो, तोही असे लेखन झाले म्हणूनच.

आपल्या बाजूला या बाबतीत उणीव आहे, असे म्हणणे भाग आहे. परमविषयी आपल्याकडे जे लोकप्रिय लेखन झाले, ते वेगाचे आकडे, परदेशी नकार आणि राष्ट्राभिमान यांभोवती फिरते. एखादी आज्ञावली ८००० वरून ८६०० वर आणि तिथून ९००० वर कशी नेली, कुठे अडली, कोणता पर्याय देताच चालली, हा वृत्तान्त मराठी वाचकाच्या वाट्याला आलेला नाही. लढाईचे पोवाडे हाती आहेत, पण रसद कोणत्या घाटाने गेली ते विचारले तर उत्तर नाही. ज्या देशाला यंत्र नाकारले जाते, त्याला दर पाच वर्षांनी मिळेल तो प्रोसेसर घेऊन पुन्हा उभे राहावे लागते. अशा देशाचे खरे भांडवल एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाण्याची ही वाट असते.

या वाटेचे लेखन बाकीच्या तांत्रिक लेखनाहून वेगळे का, याचे उत्तर ज्याने कधी युनिक्स-पद्धतीची आज्ञावली स्वतः बांधून पाहिली आहे त्याला पटकन उमगेल. अशा आज्ञावलीसोबत ‘कॉन्फिगर’ नावाची एक तपासनीस असते. यंत्राविषयी काही जाणून घ्यायचे असले, की ती एक चिमुकला कार्यक्रम लिहिते, तो कंपाइल करते, चालवते आणि उत्तर टिपून घेते. पूर्णांकाला किती बाइट लागतात, अमुक सोय नीट चालते का, अशा प्रश्नांची उत्तरे यंत्र स्वतःच देते. क्रॉस-कंपाइल करताना हा संवाद तुटतो. तयार झालेला चिमुकला कार्यक्रम परक्या बोलीत आहे. इथे तो चालतच नाही. तपासनीस तेव्हा हात टेकते आणि कळवते, की क्रॉस-कंपाइल करताना चाचणीचा कार्यक्रम चालवता येत नाही. मग उत्तर माणसाने द्यायचे. जे ज्ञान एरवी यंत्राकडून फुकट मिळत होते, ते इथे लिखित स्वरूपात आधीच हाताशी असावे लागते. इतरत्र टिपण ही काम झाल्यानंतरची औपचारिकता असेल; इथे टिपणावाचून काम पुढे सरकत नाही.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेला जीसीसी हा कंपायलर या क्षेत्राचा पाठीचा कणा ठरला, कारण त्याने तीन यंत्रे स्पष्टपणे वेगळी मांडली : कंपायलर जिथे घडतो ते, कंपायलर जिथे चालतो ते आणि कंपायलर ज्याच्यासाठी लिहितो ते. तिन्ही एकच असतील, तर कोणाला पत्ताही लागत नाही. तिन्ही वेगळी असतील, तर त्या प्रकाराला ‘कॅनेडियन क्रॉस’ असे मजेशीर नाव आहे. हे सगळे ठरत होते तेव्हा कॅनडात तीन राष्ट्रीय पक्ष होते, एवढाच त्याचा खुलासा आहे. महाराष्ट्रात या अंतरंगाचे पद्धतशीर शिक्षण उभे करण्याचे श्रेय मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक उदय खेडकर आणि तिथल्या जीसीसी संसाधन केंद्राला जाते. त्यांच्या कार्यशाळांत ही तीन यंत्रे वेगळी ओळखण्यापासून आरंभ होई. पुढे ‘स्पिम’ या शिकाऊ यंत्राचे वर्णन टप्प्याटप्प्याने लिहीत जीसीसीला नवी बोली कशी शिकवायची, ते दाखवले जाई. पहिल्या टप्प्यात अगदी मोजक्या आज्ञा, मग हळूहळू भर. जीसीसीचा मूळ मजकूर लाखो ओळींचा आहे. त्यात शिरण्याची अशी पायवाट आखणे हे नवे यंत्र बांधण्याइतकेच मोलाचे काम आहे.

परमच्या कथेचा एक धागा आजही चालू आहे. पुण्याला येण्याआधी भटकर तिरुवनंतपुरमच्या ‘ईआर अँड डीसी’ या संस्थेचे संचालक होते. ती संस्था पुढे सी-डॅकमध्येच विलीन झाली. सी-डॅकच्या त्याच तिरुवनंतपुरम केंद्रातून ‘वेगा’ मालिकेचे भारतीय प्रोसेसर आले. त्यांतील ‘तेजस ३२’ ही चिप ‘एरीज’ नावाच्या छोट्या पाटीवर बसवलेली मिळते. १०० मेगाहर्ट्झचा वेग, २५६ किलोबाइट स्मृती. या पाटीवर कंपायलर चालणे शक्य नाही. तिच्यासाठीची प्रत्येक आज्ञावली घरच्या संगणकावरच क्रॉस-कंपाइल करावी लागते. दर्यापुरातल्या एखाद्या विद्यार्थ्याने शेतातला ओलावा मोजण्यासाठी ही पाटी घेतली, तर १९९१ च्या पुण्यातला तोच खेळ त्याच्या टेबलावर सुरू होतो : यजमान एका बोलीचा, पाटी दुसऱ्या बोलीची.

या चिपची बोली ‘आरव्ही३२आयएम’ अशी लिहिली जाते. रिस्क-फाइव्ह कुळातील, ३२ बिटांची. ‘आय’ म्हणजे पूर्णांकांच्या मूळ आज्ञा, ‘एम’ म्हणजे गुणाकार-भागाकार. ‘एफ’ हे अक्षर त्यात नाही, म्हणजे अपूर्णांकांचे गणित चिपमध्ये नाही, ३१.५ अंश तापमान हाताळायचे, तर ते आज्ञावलीने पूर्णांकांतून करावे लागते. ‘सी’ हे अक्षरही नाही, म्हणजे आखूड केलेल्या आज्ञा तिला कळत नाहीत. कंपायलरला हे न सांगता नुसते रिस्क-फाइव्ह म्हटले आणि त्याने आखूड आज्ञा वापरल्या, तर घरच्या संगणकावर सगळे सुरळीत पार पडते, एकही चूक दाखवली जात नाही, आणि पाटी मात्र निपचित पडून राहते. एक अक्षर ठाऊक नसल्याने अशा विद्यार्थ्याची रात्र जाऊ शकते. पुस्तिका इंग्रजीत आहेत, आणि त्यांतले अर्धेअधिक ज्ञान ‘हे तर सर्वांना माहीत असते’ या समजुतीखाली वगळलेले असते.

म्हणून ज्याला जमले, त्याने लिहावे. आणि लिहावे ते जमलेल्याच दिवशी, कारण आठवड्याने अडचणीच्या जागा विसरल्या जातात. यजमान संगणक कोणता आणि त्यावरची प्रणाली कोणत्या आवृत्तीची. कंपायलरची आवृत्ती कोणती आणि तो कुठून घेतला. परक्या यंत्राची शीर्षफायली आणि ग्रंथालये कोणत्या कप्प्यात ठेवली, म्हणजे घरच्या यंत्राची ग्रंथालये चुकून त्यांत मिसळणार नाहीत. बोलीची अक्षरे कोणती. तपासनिसाच्या कोणत्या प्रश्नाला हाताने कोणते उत्तर दिले आणि ते उत्तर कशावरून ठरवले. यातले शेवटचे कलम सर्वांत जास्त गाळले जाते आणि त्याचीच सर्वांत जास्त गरज पडते. अपयशी ठरलेले प्रयत्नही लिहावेत, त्या वेळी पडद्यावर आलेल्या संदेशाच्या शब्दांसह. पुढचा माणूस तेच शब्द घेऊन शोधत येणार असतो. बनावट वाटेल इतके सोपे लिहावे. मराठीत लिहावे, तांत्रिक शब्दांना ओढूनताणून प्रतिशब्द न देता.

आणि लिहून झाल्यावर ते टिपण अशा कोणाला द्यावे, ज्याने ही पाटी कधी पाहिलेली नाही आणि ज्याच्या संगणकावर यातले काहीच बसवलेले नाही. त्याच्याशेजारी बसावे, पण बोलू नये. तो जिथे अडेल, तिथे टिपणात एक ओळ कमी आहे. ती भरावी, खाली दिनांक घालावा, आणि त्याला पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करायला सांगावे.